‘सायलेंट’ लो-प्रोफाइल कीबोर्ड घेऊनही रात्री घरच्यांची झोपमोड होते? आधी आवाजाचं नाव विचारा

तक्रार ठरलेली असते. गेमिंगसाठी बुटका, लो-प्रोफाइल कीबोर्ड घेतला, खोक्यावर ‘सायलेंट’ लिहिलं होतं, तरी रात्री घरातले वैतागतात. मग तो विकून दुसरा घेतला जातो, कधी तिसराही, आणि आवाज जिथल्या तिथे. मी या फेऱ्यातून गेलो आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आणखी कुणाचे पैसे असे जाऊ नयेत.

आमचं घर डोंबिवलीत, वन-बीएचके. आईला पहाटे साडेचारला उठून डबे करायचे असतात, ती हॉलमध्ये झोपते. मी आतल्या खोलीत रात्री साडेदहा ते बारा मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो. दार बंद, हेडफोन कानाला. तरी सकाळी चहाच्या वेळी आई म्हणायची, “काल पुन्हा चालू होतं रे तुझं. जरा डोळा लागला की ठक्.”

पहिला कीबोर्ड पूर्ण उंचीचा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्प्रिंगवाला स्विच असलेला होता, तो बदलून लो-प्रोफाइल घेतला. माझ्या कानाला फरक जाणवला, आईला नाही. मग सायलेंट स्विचवाला घेतला. माझ्या खोलीत आता जवळपास शांतता होती, आणि आईचं म्हणणं तेच: ठक्. त्या एका शब्दाकडे मी वर्षभर लक्ष दिलं नव्हतं.

टिक, टक, ठक्, खुळखुळ, टिंग

मराठीत आवाजांना नेमके शब्द आहेत आणि इथे ते खरोखर कामाला येतात. ज्याची झोपमोड होते त्यालाच विचारा की आवाज नेमका कसा येतो. तुम्ही स्वतः उत्तर देऊ नका. तुमचा कान कीबोर्डपासून हातभर अंतरावर असतो, त्याला वेगळं ऐकू येतं.

बारीक, टोकदार ‘टिक’ असेल तर तो क्लिकी, म्हणजे मुद्दाम वाजणारा स्विच आहे. ‘टक’ म्हणजे कळ तळाला किंवा परत वर येताना प्लास्टिकवर आपटते आहे. ‘खुळखुळ’ फक्त लांब कळांची असते: स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस. ‘टिंग’ असा मागे रेंगाळणारा आवाज स्प्रिंगचा किंवा आतल्या धातूच्या पत्र्याचा. आणि ‘ठक्’ बहुतेक वेळा कीबोर्डचा नसतोच, टेबलाचा असतो.

वरच्या मजल्यावर कुणी खलबत्त्यात वेलदोडे कुटायला घेतले की त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, कुटणं मात्र छतातून बरोबर खाली येतं. भिंत आणि बंद दार उंच पट्टीचे आवाज बऱ्यापैकी अडवतात. खालच्या पट्टीचे धक्के लाकडातून, ब्रॅकेटमधून, विटांमधून पलीकडे जातात. म्हणून शेजारच्या खोलीत टिक आणि टिंग विरून जातात आणि ठक् तेवढा उरतो. सायलेंट स्विच ज्या आवाजासाठी बनवलेला असतो, तो दारापलीकडे तसाही फारसा पोचत नव्हता.

ठक्: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

चाचणी सोपी आहे आणि फुकट आहे. गोधडीची चौपदरी घडी करा, टेबलावर ठेवा, तिच्यावर कीबोर्ड ठेवा आणि नेहमीच्याच जोराने पाच मिनिटं खेळा. कुणाला तरी शेजारच्या खोलीत, जिथे उशी असते तिथे, पडून ऐकायला सांगा. आवाज निम्म्याहून कमी झाला असं ते म्हणाले, तर नवा कीबोर्ड घेऊ नका. तुमचा त्रास टेबलात आहे.

ऐकायला कुणी नसेल तर उशीवर फोन ठेवून रेकॉर्ड करा. एक काळजी घ्या: गोधडीशिवाय आणि गोधडीवर, दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये पाठोपाठ घ्या. बरेच फोन बारीक आवाज आपोआप वाढवून घेतात. दोन वेगळ्या फायली ऐकल्या की दोन्ही सारख्याच वाटतात आणि निष्कर्ष चुकतो. मी आधी हीच चूक केली होती.

माझं टेबल भिंतीला अडकवलेलं, घडीचं. छोट्या घरात ही सोय फार चांगली असते, पण आवाजाच्या दृष्टीने ती भिंतीवर बसवलेली ढोलकी होते. पातळ प्लाय, खाली पोकळी, दोन लोखंडी ब्रॅकेट, आणि भिंतीच्या पलीकडे नेमकी आईची उशी. स्पेसवर प्रत्येक उडीला अंगठा पडला की धक्का ब्रॅकेटमधून भिंतीत आणि भिंतीतून पलंगाच्या डोक्याकडे. गोधडी घातल्या रात्री आईने सकाळी विचारलं, “काल खेळला नाहीस का?”

गोधडीवर रोज खेळता येत नाही. कीबोर्ड रुततो, डुलतो, आणि मनगट विचित्र वाकतं. कायमचा उपाय म्हणून मी आधी एक फळी केली: जुन्या योगा मॅटचे दोन थर, त्यावर प्लायचा तुकडा, त्यावर कीबोर्ड. आवाजासाठी उत्तम. पण उंची जवळजवळ अडीच सेंटिमीटर वाढली आणि लो-प्रोफाइल घेण्यातला अर्थच संपला. शेवटी टिकलं ते असं: सहा मिलिमीटरच्या योगा मॅटचा कीबोर्डच्या आकाराचा तुकडा, आणि त्यावर पूर्ण टेबल झाकणारी कापडी डेस्क मॅट. माउसखाली मात्र योगा मॅट नको, तिथे कापडी मॅट थेट टेबलावर हवी, नाहीतर नेम हलतो. दोन्हींतली पायरी एका बाजूला जाडसर पुठ्ठ्याची पट्टी सरकवून उतरती करून घेतली.

चार पायांचं टेबल असेल तर ते भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा आणि पायांखाली रबरी बुचं घाला. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. कीबोर्डचे मागचे उचलायचे पाय मिटवून ठेवा. ते उघडे असले की मधली बाजू अधांतरी राहते, दणका जास्त वाजतो आणि मनगटही वर वाकतं. कीबोर्डच्या चारही कोपऱ्यांवर एकेक करून बोट दाबून पाहा. एखादा कोपरा हलत असेल, तर तिथलं रबर झिजलंय किंवा पडलंय. तो कोपरा प्रत्येक कळीला टेबलावर आपटतो.

टक: इथे स्विचचा प्रश्न येतो

गोधडीवरही आवाज तेवढाच राहिला, किंवा त्याच खोलीत कुणी झोपत असेल, तर स्विचकडे वळा.

एक गैरसमज आधी दूर करतो. बुटका म्हणजे शांत, असं नाही. लो-प्रोफाइलचं काम उंची कमी करण्याचं आहे. साधा मेकॅनिकल कीबोर्ड मागच्या बाजूला तीन ते चार सेंटिमीटर उंच असतो, लो-प्रोफाइल साधारण दोन-सव्वादोन. आपल्याकडे डायनिंग टेबलावर बसून खेळणारे बरेच आहेत आणि ते टेबल पाऊणशे सेंटिमीटरच्या आसपास उंच. त्यावर उंच कीबोर्ड ठेवला की मनगट सतत वर वाकलेलं राहतं, दोन तासांत दुखायला लागतं. लो-प्रोफाइल घ्यायचं खरं कारण हे.

आवाजाच्या बाबतीत बुटकेपणाची अडचणच होते. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड या नेहमीच्या स्विचमध्ये कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि २ मिलिमीटरवर तिची नोंद होते, म्हणजे ती दाबल्याचं संगणकाला कळतं. चेरीच्याच लो-प्रोफाइल रेडमध्ये एकूण ३.२, नोंद १.२ वर. काइल कंपनीच्या चॉक या लो-प्रोफाइल स्विचच्या पहिल्या आवृत्तीत एकूण ३, नोंद १.५ वर. लॉजिटेकच्या जी ९१५ या लो-प्रोफाइल कीबोर्डमध्ये एकूण २.७, नोंद १.५ वर. गेममध्ये जीव वाचवताना बोट नोंदीवर थांबत नाही, ते तळालाच जातं. एकूण अंतर कमी, कळीवरची टोपी पातळ, आतली जागा उथळ: आपटण्याचा आवाज चपटा आणि कडक येतो. याच कारणासाठी फार हलके स्विच घेऊ नका असं माझं मत आहे. ३५ ग्रॅमच्या दाबाने खाली जाणारी कळ कानाला नाजूक वाटते, पण तिला अडवणारं काही नसल्याने बोट जास्त वेगाने तळावर आदळतं, शिवाय ‘डी’वर नुसतं बोट टेकलेलं असताना पात्र उजवीकडे सरकतं. ४५ ते ५० ग्रॅमचा, दाबताना मध्येच अडखळवणारी गाठ नसलेला सरळ स्विच, म्हणजे लिनियर, रात्रीच्या खेळाला जास्त बरा.

खऱ्या सायलेंट स्विचमध्ये आतल्या दांड्याला मऊ रबरासारखे तुकडे बसवलेले असतात. ते तळाला टेकताना आणि वर परतताना, दोन्ही वेळा आधी लागतात. चेरी एमएक्स सायलेंट रेडमध्ये यामुळे एकूण अंतर ४ वरून ३.७ मिलिमीटर होतं, नोंद १.९ वर. ‘दोन्ही वेळा’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण विकताना नेमकं इथे गोंधळवलं जातं. नुसत्या गाठ नसलेल्या लाल स्विचलाही ‘क्वाएट’ म्हणून विकतात. तो क्लिकीपेक्षा शांत असतो एवढंच, त्यात आवाज मारणारं काही नसतं. ओळखायचं कसं? कळ अगदी सावकाश तळापर्यंत दाबा, आवाज होणार नाही. मग बोट झटकन बाजूला काढा. वर येताना ‘टक’ झालं तर आत रबर नाही.

लो-प्रोफाइलमध्ये हे रबर तीनच मिलिमीटरांतला वाटा खातं, त्यामुळे तळ किंचित मऊ, ओल्या मातीसारखा लागतो. काहींना ते अजिबात आवडत नाही. मला आठवड्यात सवय झाली. शक्य असेल तर एकदा दाबून पाहूनच ठरवा, कारण ही बोटांची गोष्ट आहे, वाचून कळत नाही.

रबरी ओ-रिंगबद्दल, म्हणजे टोपीखाली बसवायच्या कड्यांबद्दल, नेहमी विचारतात. पूर्ण उंचीच्या, अधिक-चिन्हासारखा दांडा असलेल्या कळांवर त्या तळाचा आवाज कमी करतात, वर येतानाचा नाही. लो-प्रोफाइलमध्ये त्यांना जागाच नसते, आणि चॉकच्या पहिल्या आवृत्तीच्या टोप्यांना दोन बारीक पाय असतात, त्यांवर रिंग बसतही नाही. ते पाय नाजूक असतात. टोपी काढताना सरळ वर ओढा, तिरकी केली तर पाय आतच तुटतो.

नुसते स्विच बदलायचा विचार असेल तर आणखी एक सापळा आहे. ‘हॉट-स्वॅप’ (म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच काढून बदलता येणारा) लिहिलंय म्हणजे कुठलाही स्विच बसेल असं नाही. पूर्ण उंचीच्या दुनियेत खाचा बऱ्याच अंशी सारख्या आहेत, लो-प्रोफाइलमध्ये नाहीत. गेटेरॉन या कंपनीचा लो-प्रोफाइल स्विच, काइल चॉकच्या दोन आवृत्त्या, चेरीचा लो-प्रोफाइल, यांच्या पिना आणि टोप्या एकमेकांच्या जागी चालतील असं गृहीत धरू नका. आधी आपल्या कीबोर्डचा एक स्विच काढा, खालच्या बाजूचा फोटो घ्या, त्याच्याशी जुळवून मगच मागवा.

खुळखुळ: लांब कळा

स्पेसच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला बोटाने हलकेच टिचक्या मारा. तीन वेगळे आवाज आले, किंवा बांगड्या हलल्यासारखं वाजलं, तर खालची संतुलन राखणारी तार, म्हणजे स्टॅबिलायझर, कोरडी आहे. सायलेंट स्विचच्या कीबोर्डमध्ये हे जास्त जाणवतं, कारण बाकीच्या कळा गप्प झालेल्या असतात आणि स्पेस एकटीच बोलते.

उपाय: टोपी काढून तारेच्या दोन्ही टोकांना, जिथे ती प्लास्टिकमध्ये शिरते, तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीसचा तीळभर थेंब. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोटी ट्यूब मिळते. तीळभर म्हणजे तीळभरच, जास्त झालं तर कळ वर यायला आळस करते.

घरातलं तेल घालू नका, हे हात जोडून सांगतो. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, ते ओघळून स्विचच्या संपर्कांपर्यंत जातं. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे बाटलीत गोठतं तसंच तारेवरही गोठेल आणि ऐन थंडीत स्पेस अडकेल.

टिक

याला इलाज नाही. क्लिकी स्विचमध्ये आवाज मुद्दाम बनवलेला असतो. डीटीपीच्या दुकानांत टीव्हीएस गोल्ड कीबोर्डवर चालणारी ती कडकडाटी टायपिंग ज्यांनी ऐकली आहे, त्यांना चेरी एमएक्स ब्लूचा आवाज माहीत आहे. कामासाठी तो कीबोर्ड मला आजही आवडतो. रात्रीच्या खेळासाठी मॅट, फोम, काहीही घाला, टिक राहणारच. तो दिवसा वापरा.

टिंगबद्दल एवढंच की ते शेजारच्या खोलीत सहसा पोचत नाही. तुम्हालाच त्रास होत असेल तर स्विच उघडून स्प्रिंगला ग्रीस लावता येतं, पण लो-प्रोफाइल स्विच उघडणं किचकट काम आहे. मी दोन स्विच उघडले आणि तिथेच थांबलो.

गप्प कीबोर्ड गेमला पुरतो का?

सगळ्यात शांत आणि सगळ्यात बुटका कीबोर्ड कुठला, तर लॅपटॉपसारख्या कात्री यंत्रणेचा. स्वस्तही. तुम्ही क्रिकेट, शहरं बांधायचे, डावपेचांचे खेळ खेळत असाल, तर तोच घ्या, मेकॅनिकलच्या वाटेला जाऊ नका. अडचण नेमबाजीच्या खेळांत येते. तिथे शिफ्ट, डब्ल्यू आणि ए धरलेले असताना स्पेस किंवा आर दाबावा लागतो, आणि अनेक साध्या कीबोर्डांच्या आतल्या जाळ्यात तीन-चार कळांचे काही गट एकत्र ओळखले जात नाहीत. नोटपॅड उघडा, शिफ्ट, डब्ल्यू आणि ए धरून ठेवा आणि आर, ई, क्यू, एफ, स्पेस एकेक करून दाबा. जे उमटत नाही ते गेममध्येही होणार नाही. दुकानात डेमो पीस असेल तर दोन मिनिटांत कळतं. सहा कळा एकत्र ओळखणारा कीबोर्ड गेमला पुरेसा आहे. ‘सगळ्याच्या सगळ्या कळा एकदम’ या वैशिष्ट्यासाठी जास्त पैसे देण्याची गरज मला कधी पडली नाही.

बिनतारी हवा असेल तर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर असलेला घ्या. ब्लूटूथवर प्रतिसाद उशिरा येतो, आणि थोडा वेळ हात लावला नाही की कीबोर्ड झोपतो. जागा होताना पहिली कळ गिळतो. चेंडू बॅटवर येताना हे परवडत नाही.

चुंबकीय स्विचची, म्हणजे कळ दाबल्याचं चुंबकाने ओळखणाऱ्या स्विचची, सध्या खूप चर्चा आहे. ते वेगासाठी आहेत. आत धातूचा संपर्क नसला तरी प्लास्टिक तळावर आपटतंच, त्यामुळे ‘संपर्क नाही म्हणजे आवाज नाही’ या दाव्यावर जाऊ नका. डेसिबलच्या आकड्यांवरही नको. किती अंतरावरून मोजलं ते दिलं नसेल तर आकडा निरुपयोगी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की तोच आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी भरतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीला चक्कर मारली तर कळा दाबून पाहायला मिळू शकतात, पण सायलेंट लो-प्रोफाइल दुकानात मांडलेला क्वचितच असतो. म्हणून निदान पूर्ण उंचीचा सायलेंट लिनियर तरी दाबून पाहा, त्या मऊ तळाची कल्पना येते. माझ्याकडे आता हॉट-स्वॅप, पंचाहत्तर टक्के आकाराचा, सायलेंट लिनियर स्विचवाला लो-प्रोफाइल आहे. नंबरपॅड नसल्याने माउसला जागा मिळते, आणि छोट्या पेटीत पोकळीही कमी. मला पुन्हा घ्यायचा झाला तर हेच घेईन, पण त्याआधी शंभर रुपयांचा मॅटचा तुकडा घेईन.

मित्रांना माइकमधून कळांचा आवाज जात असेल तर तो निराळा प्रश्न आहे. तिथे मुख्यतः टिक आणि टक जातात. डिस्कॉर्ड या बोलण्याच्या अ‍ॅपमधलं आवाज गाळणं चालू करा, माइक कीबोर्डच्या बाजूला न ठेवता तोंडाजवळ आणा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर बोलताना दाबायची कळ ठेवा.

काही महिन्यांनी आवाज परत आला तर

हे होतंच. कीबोर्ड उघडण्याआधी बाहेरच्या गोष्टी पाहा. मॅट सरकून कीबोर्डचा एक कोपरा तिच्याबाहेर आलाय का? खालचं रबर पडलंय का? त्यानंतर स्पेसची टिचकी चाचणी, गरज असेल तर पुन्हा तीळभर ग्रीस. एखादी एकटीच कळ वाजत असेल आणि कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल तर तिचा स्विच शेजारच्या कमी वापराच्या कळीशी अदलाबदल करा. आवाज स्विचबरोबर गेला तर स्विच बदला, जागेवरच राहिला तर टोपी पाहा.

गेल्या पावसाळ्यात आई पुन्हा म्हणाली, “ते ठक् परत आलंय बघ.” मी सगळं वरच्याप्रमाणे तपासलं, कीबोर्डमध्ये काहीच नव्हतं. मग टेबलाखाली वाकून ब्रॅकेटला हात लावला, तर भिंतीकडचा एक स्क्रू बोटाने फिरत होता. पेचकसाने दोन वळसे दिले, ब्रॅकेट आणि प्लायच्या मध्ये जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घातला. त्या रात्री बारापर्यंत खेळलो.